विस्टेरियाचा घोस

केइकोआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉलॉंगॉंग स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होते. फोनवर त्यांची मुलगी मिका. "आईचे केस तूच बांध, सुनंदा. तिला तुझाच हात चालायचा." मी हो म्हटलं.

नववीत शाळा सुटलेली, इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे इथे ऑस्ट्रेलियात आल्यावर मी सगळ्यांनाच बिचकायचे. शेजारच्या या जपानी आजींनी कुंपणावरून माझा अंबाडा पाहिला आणि हाताला धरून आत नेलं. टेबलावर कन्झाशी मांडलेल्या, म्हणजे त्यांच्याकडच्या बायका केसांत खोचतात त्या काड्या. कासवाच्या कवचाची, मधासारखी आरपार दिसणारी. लाखेचा काळा कंगवा. पोवळ्याचा एकच मणी असलेली चांदीची. "अय्या, ही तर आमची अंबाड्याची पिन!" मी म्हटलं. आजी खळखळून हसल्या. "मग अर्धं शिक्षण झालंच की, सुनंदा-सान!" पुढे रविवारी त्या शिकवायच्या. रेशमाचा नखाएवढा चौकोन चिमट्याने दुमडायचा, भाताच्या खळीने दोऱ्यावर चिकटवायचा, की झाली पाकळी. असे दोरे ओळीने लोंबले की विस्टेरियाच्या वेलीवर लटकतो तसा जांभळा घोस तयार... "लोंबती फुलं कोवळ्या मुलींची," त्या म्हणायच्या. "मला आता एक मणी पुष्कळ."

म्हणून अंत्यविधीआधी आजींचे केस बांधताना मी चांदीची मण्याची पिन निवडली. मिकाने मान हलवली. "धातू नको गं. दहनात वितळून अस्थींना चिकटतो." तिने विस्टेरियाची पिन पुढे केली. "लग्नाआधी तिने स्वतःसाठी केलेली."

"पण त्यांचं वय..."

"आता कसलं वय?"

घोसाचे दोरे वर तारेत अडकवलेले. तार काढून ते लाकडी काडीला बांधायचे होते. एक दोरा तुटला तर आजींच्या तरुणपणाची ती एकमेव खूण माझ्याच हातून जाणार! श्वास रोखून एकेक दोरा सोडवला. इतकी वर्षं झाली, पण एकही पाकळी निसटली नव्हती. नुसत्या भाताच्या खळीवर... मी बघतच राहिले.

काडी खोचली. पिन लावून झाली की आजी दोन बोटांनी माझी हनुवटी धरून मान किंचित वळवायच्या, फुलं नीट हलतात का बघायला. मीही तशीच त्यांची मान वळवली. घोस हलला.

हल्ली लेकीची वेणी घातली की माझी बोटं आपोआप तिच्या हनुवटीकडे जातात. "आई, स्टॉप इट! आय विल मिस द बस!" ती ओरडते. तिच्या वेणीला साधा रबरबँड असतो. तरी मी मान वळवून बघते.