काकींचं चित्र

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. माझ्या फोटोंचा विषय निघाला की मी पवईच्या तलावावरच्या बगळ्यांबद्दल बोलायचो, आणि ऐकणाऱ्यांना तेवढं पुरायचं. आता वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे, म्हणून लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला चाळीत राहत होतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला फोटोग्राफीचं वेड लागलं. ऑफिसातल्या एकाचा जुना कॅमेरा घेतला आणि दर रविवारी पहाटे पवईला जाऊन बसू लागलो. एका प्रदर्शनात माझा फोटो लागला, तेव्हापासून मी स्वतःला कलावंत समजू लागलो. चाळीतले लोक बारशाचे, सत्यनारायणाचे फोटो काढायला सांगत. ते मला कमीपणाचं वाटे, पण नाही म्हणवत नसे. मग मी एक युक्ती काढली. कॅमेऱ्यात रोल न घालताच बटण दाबायचं, फ्लॅश उडवायचा. कोणी विचारलं तर रोल अजून संपला नाही म्हणायचं. चारदा विचारून लोक विसरून जात.

आमच्या शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले काका आणि काकी राहत. मालवणकडची माणसं, मूलबाळ नाही. त्यांच्या लग्नात फोटो निघाला नव्हता आणि नंतर ते कधी स्टुडिओत गेले नव्हते. एका रविवारी दुपारी काका कोट घालून दारात आले. मागे ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या काकी. दोघांचा एक फोटो हवा होता.

मी नुकताच पवईहून आलो होतो. भरलेला रोल काढून ठेवला होता, नवा कपाटात होता. तो घालायचा कंटाळा केला, एवढंच.

गॅलरीत उभं करून त्यांना हसायला सांगितलं, तर काकी म्हणाल्या, "हसूक दात तरी खंय असत रे?" मी फ्लॅश उडवला. तरी दोघं तशीच ताठ उभी होती. झालं म्हणून मला सांगावं लागलं.

पुढे तीन महिने काका विचारत राहिले. मग काकींना ताप आला आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

तेराव्याला ठेवायला काकांना तो फोटो हवा होता. लॅबवाल्याने रोल खराब केला, असं मी सांगितलं. "तुझो काय दोष त्येच्यात?" म्हणत त्यांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला.

तेरावं झाल्यावर ते मला स्टेशनजवळच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे घेऊन गेले. सांगाल तसा चेहरा काढून देतो, असं तो म्हणाला होता. काका मला म्हणाले, "तू कॅमेऱ्यातून बघितलंस तिका. माका दिसता, पण सांगूक जमणा नाय."

नऊ वर्षं काकींच्या हातचं कालवण खाल्लं होतं, आणि त्यांचं नाक कसं होतं ते मला आठवेना. त्या दुपारी तर मी कॅमेऱ्यातून नीट पाहिलंही नव्हतं. पण पेंटर पेन्सिल घेऊन थांबला होता. मी सांगत सुटलो. कपाळ रुंद, नाक सरळ, भुवया दाट. काका प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.

चित्रात कोणी तरी भलतीच बाई आली. काका बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझाच काय तरी चुकत असात. तू बघितलंस ता खरा." त्यांनी ते घरी लावलं. रोज सकाळी त्याला फूल वाहत. दार उघडं असे, मला येताजाता दिसे.

दोन वर्षांनी पुतण्याने त्यांना मानखुर्दला नेलं. एकदा खरं सांगून टाकायचं ठरवून मी तिथे गेलो. चित्र भिंतीवर होतंच. काका पुतण्याच्या बायकोला म्हणाले, "ह्येच्यामुळे तुझी काकी भिंतीवर तरी असा." मी चहा प्यायलो, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि परत आलो. पुढच्या वर्षी काका गेले.

मला एवढंच सांगायचं होतं. काका, त्या दुपारी कॅमेऱ्यात रोलच नव्हता. काकी त्या चित्रासारख्या दिसत नव्हत्या. तुम्हाला आठवत होत्या तशाच होत्या त्या, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.