विहीणबाईंची भाषा, रेडी ते देवगड

आंबोलीचा घाट उतरून गाडी सावंतवाडीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी स्पॅनिशमध्ये वेटरकडे पाणी मागत होते. वेटर गाडीच्या स्पीकरमध्ये होता. तो एक वाक्य म्हणतो, मग थांबतो, आणि त्या थांब्यात आपण उत्तर द्यायचं, अशी या धड्यांची रीत आहे. शेजारी आमचे हे, म्हणजे विलास, बसले होते. त्यांनी थर्मासमधला चहा ओतत विचारलं, "हा वेटर आज तरी पाणी आणणार आहे का?"

मी लक्ष दिलं नाही. कोल्हापूर ते कागल शाळेला जाता-येता गेले कित्येक महिने मी हेच करते आहे. मुलांना गणित शिकवायला जाते आणि वाटेत स्वतः विद्यार्थिनी होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघतो आणि नजर वळवतो. त्याला वाटत असणार, बाईंचं घरी काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते घरी नव्हतं, स्पेनमध्ये होतं. आमची मनू लग्न करून वालेन्सियाला असते. तिथे तिला मुलगी झाली. ऐन त्या वेळी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मी जाऊ शकले नाही. बाळंतपण केलं ते तिच्या सासूबाईंनी, अंपारोबाईंनी. व्हिडिओ कॉलवर मनू हसायची, पण ते हसू मला पटायचं नाही. मी विहीणबाईंना विचारायची, मनू कशी आहे? त्या बराच वेळ हातवारे करत काहीबाही सांगायच्या आणि मनू भाषांतर करायची, "आई, त्या म्हणतात सगळं छान आहे." एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढंसं भाषांतर गणिताच्या शिक्षिकेला कसं पटावं? त्याच दिवशी मी ठरवलं, की विहीणबाईंना मीच विचारणार, त्यांच्याच भाषेत, मध्ये कोणीही नको.

विलासना हे सांगितलं नव्हतं. ते म्हणतात, तू उगाच काळजी करतेस. त्यांच्या लेखी माझं स्पॅनिश हा निवृत्तीआधीचा छंद होता. आत्ताचा प्रवासही त्यांच्या लेखी सुट्टी होती: रेडीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने देवगड, मध्ये तोंडवलीला त्यांच्या तातूकाकांकडे मुक्काम. माझ्या लेखी मात्र ती परीक्षेआधीची उजळणी होती. मनू पुन्हा कामावर जाऊ लागली होती. गुरुवारी सकाळी ती घरी नसते आणि अंपारोबाई बाळापाशी एकट्या असतात. त्यांना मी फोनवर तोडकामोडका निरोप धाडून ठेवला होता, की गुरुवारी फोन करते.

रेडीला पोचलो तेव्हा सकाळ सरत आली होती. खनिजाचे ट्रक रस्त्याला लागले होते आणि झाडांची पानंसुद्धा तांबडी झाली होती. एका ट्रकने इतक्या जोरात आम्हाला ओलांडलं, की मी काच खाली करून ओरडले, "मास देस्पासियो, पोर फावोर!" (जरा हळू, कृपा करून.) विलास इतके हसले की चहा सांडला. मला मात्र बरं वाटलं. न ठरवता तोंडातून आलेलं ते माझं पहिलं स्पॅनिश वाक्य होतं. यशवंतगडावर गेलो. भिंतींना झाडांच्या मुळांनी असं धरलं आहे की कोण कोणाला सांभाळतंय ते कळत नाही. गुडघा सबंध चढणभर कुरकुरला नाही, याची मी मनाशी नोंद केली.

वेंगुर्ल्यात जेवण. बांगड्याचं तिखलं (दाट, तिरफळं घातलेलं झणझणीत कालवण), भात, सोलकढी. विलास दोनदा भात घेऊन गप्प झाले, ही त्यांची पसंतीची पावती. तिथून मालवणपर्यंत मी भूतकाळाचे धडे ऐकले. काजूला मोहोर आला होता, उघड्या काचेतून त्याचा वास येत होता आणि स्पीकरमधली बाई काल कुठे गेली होती ते पुन्हा पुन्हा सांगत होती.

मालवणच्या जेटीवर संध्याकाळी होड्या लागल्या. मासळीच्या टोपल्यांपाशी मी पुटपुटत उभी होते, तर एका कोळणीने विचारलं, "बाय, कोणाशी बोलतंस गो?" मी खरं ते सांगितलं. तिने बांगडा उचलून माझ्यापुढे धरला. "मगे हेका थंय काय म्हणतत?" मला येईना. माझ्या धड्यांत विमानतळ होता, हॉटेल होतं, संग्रहालयाची तिकिटं होती, बांगडा नव्हता. "मगे शिकलंस काय इतके दिवस?" असं म्हणून तिने तो परत टोपलीत टाकला. तिचं काही चुकलं नव्हतं.

त्या रात्रीच्या मुक्कामात मला आणखी एक धक्का बसला. खोलीत टेबलाशी बसून मी वाक्यं म्हणून पाहिली, तर एकही आठवेना. पाणी मागणंसुद्धा विसरले. सकाळी गाडीत बसले, हात चाकावर ठेवले, आणि सगळं धडाधड आलं. मी ही भाषा फक्त गाडी चालवताना शिकले होते, त्यामुळे ती फक्त गाडीतच येत होती. विलास म्हणाले, "मग विहीणबाईंशी बोलायचं असेल तर त्यांना मागच्या सीटवर बसवावं लागेल." मी हसले, पण आतून घाबरले होते. गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

तोंडवलीला तातूकाकांच्या घरी पोचलो. घर माडांत आहे आणि समोरच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) जाळी सुकत घातलेली असतात. तातूकाका सासऱ्यांचे चुलतभाऊ. वय झालं, पण आवाज खणखणीत. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. कोणाला काही मागायचं असेल तर तो नारळ आणून ठेवतो, मानकरी त्याच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, आणि जमलेले सगळे वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार खाऊन झाल्यावर काकांनीच विचारलं, नात झाली त्याचा नारळ ठेवायचा ना? विलास लगेच हो म्हणाले.

देवळात चारपाच म्हातारी माणसं जमली. मी नारळ ठेवला. काकांनी विचारलं, देवाला काय सांगू? मी म्हटलं, मुलगी आणि नात सुखात राहू देत.

काका नारळाकडे बघत राहिले. "देवाक असा मोघम सांगान भागना नाय गो बाय. कोणाक काय झाला, काय व्हया, ता उघड सांग. मगेच माका बोलाक येतला."

ते रागावले नव्हते. कामाची पद्धत सांगत होते. अर्धवट सांगितलं तर त्यांच्या तोंडून अर्धवटच जाणार. सगळे माझ्याकडे बघत होते, विलाससुद्धा. आणि जे मी घरात इतके महिने बोलले नव्हते ते तिथे बोलले. मुलगी काहीतरी लपवते आहे. ती बरी नाही असं मला वाटतं. तिची सासू सांगू पाहते आणि ती मध्ये गाळते. उद्या मी सासूला विचारणार आहे, आणि मला सगळं खरं कळावं, एवढंच मागायचं आहे.

काकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, हो जो नारळ तुझ्या पायाकडे ठेयलेलो आसा, तो मान करून घे."

"व्हय म्हाराजा."

"ह्या आवशीचा चेडू (या आईची मुलगी) परमुलखात आसा. तेच्या मनात काय आसा ता आवशीक कळना नाय. ता आवशीच्या कानार घाल रे म्हाराजा."

त्या वेळी जे "व्हय म्हाराजा" आलं, त्यात विलासचा आवाज होता. कोल्हापुरात आयुष्य गेलेला माझा नवरा मालवणीत देवाला हो म्हणत होता. परत येताना आम्ही पुळणीवरून चाललो. मग त्यांनी विचारलं, "उद्या फोनच्या वेळी मी शेजारी बसलो तर चालेल का?"

गुरुवारी देवगडला निघालो. माडांत फोनला रेंज नव्हतीच, आणि खोलीत माझं स्पॅनिशही नव्हतं. म्हणून जामसंडे ओलांडल्यावर एका सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) गाडी उभी केली. दोन्ही बाजूंना काळा कातळ, लांबवर आंब्याच्या बागा. फोन स्टिअरिंगसमोर टेकवला, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि कॉल लावला.

अंपारोबाई दिसल्या. मांडीवर नात झोपलेली. मी देवळात ऐकलं तसंच बोलायचं ठरवलं होतं. हवापाणी नाही, खुशाली नाही. "सोय नंदा, ला माद्रे दे मनू. आब्लो पोको. कोमो एस्ता मनू? ला वेर्दाद." (मी नंदा, मनूची आई. थोडंच बोलता येतं. मनू कशी आहे? खरं सांगा.)

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. धड्यांतला तो सोयीचा थांबा कुठेच नव्हता. मी घट्ट चाक धरलं आणि म्हटलं, मास देस्पासियो. त्या थांबल्या. एकेक शब्द सुटा करून, मला भरवल्यासारखं बोलू लागल्या.

"नो द्वेर्मे." झोपत नाही.

"नो कोमे." जेवत नाही.

"योरा."

"योरा?" मी विचारलं. मला तो शब्द येत होता. चुकीचा ऐकला असेल अशी आशा होती.

"सी. योरा." त्यांनी स्वतःच्या गालावरून बोट खाली ओढून दाखवलं.

डॉक्टर? मी विचारलं. मनू नको म्हणते, त्या म्हणाल्या. मला का नाही सांगितलं? यावर त्यांनी फोन खाली नेला आणि स्वतःच्या गुडघ्यावर दोनदा हात मारला. मला शब्द कळला नाही, अर्थ कळला. माझ्या गुडघ्यासाठी. सांगितलं तर आई कुबड्या टाकून धावत येईल म्हणून. मग त्या म्हणाल्या, आता तुम्ही तिला विचारा, मी सांगितलं, माझं काम झालं. फोन ठेवताना त्यांनी झोपलेल्या नातीचा हात धरून माझ्याकडे हलवला. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. इतके महिने ती माझ्याशी खरं बोलत होती आणि माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

देवगडला आम्ही थांबलो, जेवलो, किल्लाही पाहिला, पण त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. अंपारोबाईंच्या खुणांवरून विलासना पुरेसं कळलं होतं; त्यांनी इतकंच विचारलं, की विमानात एवढा वेळ बसून गुडघा चालेल का. म्हटलं, रेडीपासून गाडी कोण चालवतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. फोंडा घाट चढत असताना मनूचा फोन आला. गाडी कडेला घेतली. ती चिडलेली होती. आई, तू अंपारोशी काय बोललीस, तिला बिचारीला कशाला घाबरवलंस, मी अगदी मजेत आहे, जरा दमते इतकंच, बाळ लहान असलं की सगळ्यांचंच होतं. हे सगळं शुद्ध, भरभर मराठीत, माझ्याच सुरात. मीही माझ्या आईला असंच सांगत आले होते. या भाषेत ती मला कधीच खरं सांगणार नाही, हे मला तेव्हा कळलं. या भाषेत ती माझी शहाणी मुलगी होती.

मी स्पीकरकडे तोंड करून म्हटलं, "मनू, कोमो एस्तास? दे वेर्दाद." (कशी आहेस? खरं सांग.)

तिने माझं स्पॅनिश कधी ऐकलंच नव्हतं. मग ती त्याच भाषेत बोलली, हळू, लहान आवाजात. "एस्तोय माल, मामा." मी बरी नाही, आई. मग म्हणाली, मला बाळाची भीती वाटते. रात्री वाटतं की ते माझं नाहीच. नो प्वेदो मास. आता नाही होत माझ्याने.

प्रत्येक शब्द मला कळला. शिकताना कधी वाटलं नव्हतं की सगळं कळणं इतकं वाईट असतं. रडणाऱ्या मुलीला काय म्हणायचं, ते माझ्या कुठल्याच धड्यात नव्हतं. म्हणून एवढंच म्हटलं, "ते एस्कुचो." ऐकते आहे. आणि ऐकत राहिले. ती रडली, थांबली, पुन्हा बोलली. शेवटी मी मराठीत सांगितलं, की अंपारोबाईंबरोबर आजच्या आज डॉक्टरांकडे जायचं, आणि मी येते आहे. ती नको म्हणाली नाही. फोन ठेवताना म्हणाली, "लवकर ये."

घाटात वाहनं येत-जात होती. विलास माझ्याकडे बघत होते. तिच्या स्पॅनिशमधला एक शब्दही त्यांना कळला नव्हता, फक्त रडणं कळलं होतं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"दमली आहे, बाकी सगळं ठीक आहे," हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं. मनूने इतके महिने गाळून का सांगितलं, ते मला त्या क्षणी पुरतं समजलं. माणूस समोर असा बसलेला असतो, आणि तो आपला असतो.

मी इंजिन बंद केलं, त्यांच्याकडे वळून बसले, आणि ती जे म्हणाली होती ते पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाळाच्या भीतीचंसुद्धा.