कोयत्यासारखा डाग

आप्पांच्या निधनाची बातमी भातसानगरहून फोनवर आली. मी चार ओळी लिहिल्या : धरणावरचे निवृत्त कर्मचारी, नाणेसंग्राहक, मागे पत्नी आणि मुलगी. पानात जागा कमी होती, तीनच ओळी छापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी अंक उघडला तर ‘नाणेसंग्राहक’ हा शब्द गेला होता. त्याला महिना झाला. तो शब्द जागेवर ठेवावा म्हणून हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात मी तालुक्याचा वार्ताहर होतो, तेव्हापासूनची ओळख. धरणाच्या वसाहतीत त्यांची दोन खोल्यांची जागा. खाटेखाली पत्र्याची पेटी, हाताशी भिंग आणि नाण्यांच्या किमतींचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं, कणा चिकटपट्टीनं बांधलेला. शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. शहापूर-मुरबाडकडची माणसं नांगरटीत सापडलेली नाणी घेऊन येत आणि आल्या आल्या भाव विचारत. आप्पा म्हणत, “भाव पळून जात नाय. आधी त्याचं तोंड बघा.” मग नाणं कडेनं धरून, वर बोट न लावता, ते त्यावरच्या चित्राची हकिकत सांगत. प्रजासत्ताकाची पहिली नाणी त्यांची विशेष लाडकी. “राजाचं मुंडकं गेलं, अशोकाचे सिंह आले. माझा बाप छप्पन साली बौद्ध झाला. सरकारी पैसा त्याच्या सहा वर्षं आधीच झालेला!” हे सांगताना ते दर वेळी नव्यानं हसत.

एका नाण्याबद्दल मात्र ते हसत नसत. लहानपणी वडिलांच्या तळहातावर त्यांनी एक शिवराई पाहिली होती, मराठ्यांचा तांब्याचा पैसा. अक्षरांखाली बेलाचं पान आणि पानाशेजारी बारीक चंद्रकोर. ती पुढे हरवली. पुस्तकात पानाची शिवराई होती, चंद्रकोरीची नव्हती. आप्पांनी समासात पेन्सिलीनं तिची ओळ स्वतः लिहिली आणि पुढे, दिसली की भरायला, एक चौकोन कोरा सोडला. मुंबईत संग्राहकांच्या एका बैठकीत त्यांनी विषय काढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, “डाग असेल हो.” आप्पा खाली बसले. त्यानंतर समोर आलेली प्रत्येक शिवराई ते आधी उजेडाकडे तिरपी धरत. आपले डोळे खरे होते एवढंच त्यांना एकदा ठरवायचं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तिथेच बसलो होतो. शेणवे गावाहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक नाणं पुढे केलं. सोन्यासारखं लखलखत होतं.

“सासूनं भाताच्या कणगीत ठेवला व्हता, बरकतीला. काळामिट्ट. म्हटलं, आप्पांकडं असा कसा न्यावा? दोन दिस चिंच नि राख लावली.”

आप्पांनी भिंग उचललं. पान होतं, तेही पुसट.

“पानाजवळ कोयत्यासारखा डाग व्हता,” बाई अभिमानानं म्हणाल्या. “तो निघता निघत नव्हता. त्योपण काढला!”

आप्पांचं भिंग हललं नाही. जुन्या तांब्यावरचा उठाव झिजला तरी काळेपणात आकृती उरते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तो काळेपणा चिंचेनं धुऊन नेला होता...

“चांगला झाला ना?” बाईंनी विचारलं.

“झकास झाला, मावशी. देवाच्या भांड्यावानी.”

“मंग काय भाव?”

“इकू नका. कणगीत होता ना? तिथंच ठेवा. आन् आता घासू नका. हात लागंल तसा झिजतो.”

त्यांनी बाईंना चहा पाजला, वसाहतीच्या फाटकापर्यंत सोडलं. परत आल्यावर मला म्हणाले, “हे छापू नको. तिची नात शाळेत जाते, पेपर वाचून दाखवंल.” मी छापलं नाही. बाई गेल्या वर्षी वारल्या.

गेल्या आठवड्यात आप्पांच्या मुलीनं ते पुस्तक माझ्याकडे दिलं. समासातली ती ओळ मी शोधली. माझी खात्री होती की चौकोनात ‘पाहिली’ असं असेल. नाणं हातात आलं होतं, पान दिसलं होतं, खोडून काढणारं कुणी नव्हतं. मी असतो तर तसंच लिहिलं असतं, आणि संपादकांनी ते छापलंही असतं.

चौकोनात बारीक, सरळ अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलं आहे : “शेणवे. कणगीत आहे. कोर ऐकली, पाहिली नाही.”