ओट्यावरचं पान

पनवेलच्या त्या खानावळीचा मला आजही राग येतो. खानावळीपेक्षा जास्त राग आमच्या प्राध्यापकांचा येतो, पण ते ओघाने येईलच.

मी जन्माने नैरोबीचा. वडील तिथे रेल्वेत कारकून होते. घरात मराठी, रस्त्यावर स्वाहिली, शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत मी वाढलो आणि मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला शिकायला मुंबईला पाठवलं. आई म्हणाली, "आपल्या देशात चाललायस." बोटीतून उतरलो तेव्हा कळलं की माझ्यासाठी हाच परदेश आहे. माझं मराठी ऐकून लोक हसत. आईवडिलांनी देश सोडला तेव्हाचे शब्द मी वापरत होतो, शिवाय जरा जास्तच अदबीने. पहिले चार महिने वसतिगृहात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. बाहेरून शिकायला आलेल्या मुलांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून एका मंडळाने थंडीच्या दिवसांत सहल काढली. सकाळी कर्नाळा किल्ला, दुपारी पनवेलला जेवण, मग तिथल्या एका शाळेत आमचा सत्कार आणि संध्याकाळी परत. नेणारे होते आमच्याच कॉलेजातले एक प्राध्यापक, खादीचा कोट घालणारे, बोलायला फार गोड. सगळ्यांनी आपापल्या देशाचा पोशाख करून यावं, असा त्यांचा निरोप होता.

मी शर्ट-पँटमध्ये गेलो. माझ्यामागून बसमध्ये एक उंच तरुण चढला, काळा सूट, टाय, चकचकीत बूट. तो टांगानिकाचा होता, आमच्या केनियाच्या शेजारचा. प्राध्यापकांचा चेहरा पडला.

"तुमचा राष्ट्रीय पोशाख?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हाच," तो म्हणाला. "शिंपी दादरचा आहे."

मी खो खो हसलो आणि स्वाहिलीत म्हणालो, "इकडे ये, माझ्याशेजारी जागा आहे." तो इतका चमकला की त्याचं डोकं बसच्या टपाला आपटलं. तीन महिन्यांत त्याच्या कानावर त्याची भाषा पडली नव्हती. ठाण्याची खाडी ओलांडेपर्यंत आम्ही बोलायचं थांबलोच नाही. तो गुरांचा डॉक्टर व्हायला आला होता. त्याच्या बापाकडे गुरं होती आणि एका साथीत ती सगळी मेली होती.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसली होती. शेवटी ती मागे वळून म्हणाली, "तुम्ही कशाला हसता? मला पण सांगा ना." ती मॉरिशसची. आडनाव अस्सल कोकणी, पण पणजोबा उसाच्या मळ्यावर गेले ते तिकडचेच झाले. तिचं मराठी माझ्याहून मोडकं. माझ्या मराठीला न हसणारं माणूस मला मुंबईत पहिल्यांदाच भेटत होतं.

कर्नाळ्याची चढण आम्ही तिघं मिळून चढलो. त्याचा कोट माझ्या खांद्यावर, तिच्या चपला तिच्या हातात. वरच्या सुळक्याखाली टाक्यातलं गार पाणी प्यायलो. तिथून खाडी दिसत होती, मिठागरं चमकत होती. तिने त्याला इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे डोंगर आहे?" तो म्हणाला, "आहे. त्यावर बर्फ असतं." तिला ते खरं वाटेना. आफ्रिकेत बर्फ! तिने मला शपथ घ्यायला लावली. खाली उतरलो तेव्हा आमची जन्माची ओळख असावी तसं आम्ही भांडत होतो.

पनवेलला खानावळीत पोचलो तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. पाट मांडलेले, पानं वाढलेली, वरणाचा वास सुटलेला. मुली आधी आत गेल्या. मॉरिशसवाली पाटावर बसलीसुद्धा. मी आणि तो पाय धुऊन उंबऱ्याशी आलो, तेवढ्यात मालक आडवा झाला. गोरा, घारा, उघडाबंब, खांद्यावर पंचा. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मित्राकडे बोट दाखवत तो प्राध्यापकांशी बोलला.

"प्रोफेसरसाहेब, ह्यांचं पान बाहेर ओट्यावर वाढतो."

"का हो?"

"आमची सोवळ्यातली खानावळ आहे. हा कोण, कुठला, काय खाणारा, कसं कळायचं? उद्या माझी रोजची गिऱ्हाइकं उठून जातील."

प्राध्यापकांनी क्षणभर विचार केला. फक्त क्षणभर. मग म्हणाले, "हरकत नाही. बाहेर हवेशीरही आहे."

हवेशीर! वाटेत तासभर ह्याच माणसाने बसमध्ये उभं राहून आम्हाला ऐकवलं होतं, की हा देश पाहुण्यांचा मान राखणारा आहे.

मित्राने मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी शब्द जुळवायला लागलो.

"जसं म्हणाला तसं सांग. गोड करू नकोस."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. हवेशीरसुद्धा. त्याने टायची गाठ नीट केली आणि तो तिथेच उभा राहिला.  माझं मात्र डोकं फिरलं. त्या मालकाला शिवी हासडायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला मराठीत एकही शिवी येत नाही. आईने शिकवलेल्या मराठीत शिव्याच नव्हत्या. शेवटी स्वाहिलीतला एक शब्द तोंडातून गेला. रानटी, अडाणी अशा अर्थाचा. मी तो ओरडून म्हणालो.

मालकाला काही कळलं नाही. कळलं ते माझ्या मित्राला.

"हा शब्द कुठे शिकलास?" त्याने विचारलं.

"घरी."

"वाटलंच," तो म्हणाला. "आमच्या माणसांना उद्देशून म्हणत असतील." आणि पाठ फिरवून चालू लागला.

मी त्याच्यामागे धावलो. आत पानावर भात वाढून झाला होता. मॉरिशसची मुलगी त्या भरल्या पानावरून उठली, हात न धुताच बाहेर आली. तिच्यामागून प्राध्यापक आले.

"अरे, असं काय करता? गाव लहान आहे, समजून घ्यायला हवं. सुधारणा एका दिवसात होत नाहीत. तुम्ही शिकलेली मुलं..."

"तुम्ही आत जाऊन जेवणार?" मी विचारलं.

"बाकीच्या मुलांना उपाशी ठेवू का मी?"

ते गेले आणि जेवले. खिडकीतून दिसत होते. दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं त्यांनी. त्या मालकाला निदान आपण काय करतोय ते तोंडावर सांगायची लाज नव्हती. ह्यांना सगळंच हवं होतं, भाषणही आणि वरणही.

एसटी स्टँडजवळ एका मुसलमान म्हाताऱ्याचं चहाचं दुकान होतं. आमच्याकडे बघून त्याने फडक्याने बाकडं पुसलं. "बसा, आरामात बसा. जेवण झालं नाही वाटतं?" घरातून तांदळाची भाकरी आणि तळलेली मांदेली आली. आम्ही अधाशासारखे खात होतो आणि म्हातारा माझ्या मित्राला न्याहाळत होता. शेवटी मला म्हणाला, "पैलवान आहेत का साहेब?"

मी भाषांतर केलं. मित्राने कपाळाला हात लावला. "सांग त्यांना, गुरांचा डॉक्टर होणार आहे. आणि मासे फार चांगले आहेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शाळेतल्या कार्यक्रमाला जाऊ. मी बोलणार आहे. स्वाहिलीत बोलेन, तू मराठीत सांगायचं."

"इंग्रजीत बोल की. तिथल्या मास्तरांना कळेल."

"मास्तरांना कळून काय उपयोग?"

शाळेच्या दालनात सतरंज्यांवर मुलं बसली होती. पुढे खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी. आणि त्यांच्यात, स्वच्छ धोतर नि काळी टोपी घालून, तो खानावळीचा मालक! तो शाळेच्या कमिटीवर होता. त्याच्या हातून आम्हाला हार घालायचे ठरले होते. माझ्या गळ्यात त्याने हार घातला. माझ्या मित्राच्या वेळी त्याने हार लांबूनच, बोटांच्या टोकांवरून टाकला. तो खांद्यावर लोंबकळत राहिला.

मित्र उठला. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो.  तो एक वाक्य बोलायचा, मी मराठीत सांगायचो.

"तुम्ही मला तुमचा किल्ला दाखवलात. किल्ला सुंदर आहे. दुपारी आम्हाला ह्या गावात जेवायला नेलं. माझ्या मित्रांना आत बसवलं. मला सांगितलं, तू ओट्यावर बस."

मुलं चुळबुळायची थांबली. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले.

"मी गुरांचा डॉक्टर होणार आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाची म्हैस अडली, रेडकू आडवं आलं, आणि जवळपास दुसरा डॉक्टर नसला, तर तिच्या पोटात घालायला माझा हात चालेल का? की तिलाही आधी ओट्यावर आणाल?"

 मी मालकाकडे बघत होतो. त्याची मान खाली गेली होती, खरंच गेली होती. आणखी थोडा वेळ ती तशीच राहायला हवी होती.

प्राध्यापक टाळ्या वाजवत उठले. "वा वा! काय विनोदबुद्धी आहे बघा आपल्या पाहुण्यांची! म्हशीला ओट्यावर!" आणि ते मोठ्याने हसले. मास्तर हसले. मास्तर हसले म्हणून मुलं हसली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकाने मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

मित्राने मला विचारलं, "तू बरोबर सांगितलंस ना?"

"अगदी बरोबर."

त्याने हार काढून टेबलावर ठेवला. आम्ही तिघं दालनातून चालत बाहेर पडलो आणि सहलीच्या बसने न जाता ठाण्याची एसटी पकडली. वाटेतल्या ओवे गावी उतरणारी एक म्हातारी टोपली घेऊन माझ्या मित्राशेजारी बसली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "हा एवढा काला कसा रं?"

मी भीतभीतच भाषांतर केलं. तो म्हणाला, "सांग, आई काळी आहे म्हणून."

"मंग बरोबर हाय," म्हातारी म्हणाली. "माझा पोर पन कालाच हाय. आमी मिठागरावरची माणसं." आणि टोपलीतल्या वालाच्या शेंगा आमच्या ओंजळीत टाकल्या. मॉरिशसवाली रडायला लागली. का ते तिलाही सांगता येईना.

सोमवारी प्राध्यापकांनी आम्हाला बोलावून घेतलं. शाळेची माफी मागा म्हणाले. आम्ही नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा कधी आमच्याकडे मान वळवून बघितलं नाही, आणि सुदैवाने आम्हालाही त्यांची गरज पडली नाही. आमचे रविवार मात्र तिथून पुढे एकत्र गेले. स्टोव्हवर कुणाचं तरी काहीतरी शिजायचं आणि भांडणं व्हायची. त्या शिवीवरून तो मला वर्षभर बोलत राहिला. मी ऐकून घेतलं. परीक्षा झाल्यावर तो मायदेशी गेला, तिचं लग्न ठरलं, मी मुंबईतच नोकरीला लागलो.

काही वर्षांनी कॉलेजच्या एका समारंभात तेच प्राध्यापक भाषणाला उभे राहिले. रंगात आल्यावर त्यांनी "पनवेलच्या म्हशीचा किस्सा" सांगितला. एक गमत्या आफ्रिकन विद्यार्थी, एक म्हैस आणि हशा. खानावळ नव्हती, ओटा नव्हता, वरण नव्हतं. लोक हसले. मी मागच्या रांगेतून उठलो आणि राहिलेलं सगळं सांगायला लागलो. माझा आवाज चढला होता. शेजारच्याने माझी बाही ओढली, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट आहे." मी बाही सोडवून घेतली आणि पुढे सांगत राहिलो.