दुकानाचा शेला

आज सकाळी श्रीमंतांची पागा मुठेकाठी उतरली. घोड्यांच्या घामाचा वास आला आणि माझा उजवा हात आपोआप शेल्याखाली गेला.

वीस वर्षं मी बुधवार पेठेतल्या एका शेटजींचा दलाल होतो. घोड्याचा भाव शेल्याखाली, एकमेकांची बोटं दाबून ठरतो. तोंडानं कोणी बोलत नाही. शेटजींचे सारे सौदे माझ्या बोटांनी केले. मुनीमाची जागा रिकामी झाली, तेव्हा तिथं बसला शेटजींचा जावई, ज्याला घोड्याचे दातही बघता येत नव्हते. मी भर पेढीवर तोंड सोडलं आणि उठलो.

"चाळिशी उलटली तुमची. आता कोण दारात उभं करील?" शेटजी म्हणाले. "आणि तो शेला दुकानाचा आहे. ठेवून जा."

शेला फेकून घोडेबाजारात आलो खरा, पण पाय ठरेनात. रांगांमधून नुसत्या येरझारा घालत होतो. तेवढ्यात काठेवाडचा म्हातारा सौदागर आडवा आला.

"शेटजींनी पाठवलं?"

"नाही. सोडलं त्यांना."

माझ्या रिकाम्या खांद्याकडे बघत त्यानं स्वतःचा शेला आमच्या हातांवर टाकला. "तुमच्या शेटजींचं तोंड मी कधी पाहिलं नाही. हा हात ओळखतो. बोला."

पहिला भाव मी चुकीचा दाबला. तो हसला आणि मी पुन्हा दाबेपर्यंत थांबला.

तेव्हा वाटलं होतं, रागानं मला बाहेर काढलं. आज कळतं, राग उंबऱ्यापर्यंतच पुरला होता.

पण दुकानाचा शेला म्हणे! पैठणच्या विणकराशी दोन दिवस घासाघीस करून तो मीच आणला होता.