तलाव बचाव समिती आणि वाघाची वेळ

समिती काढली की तलाव वाचतो का नाही, देव जाणे. किस्से मात्र काठच्या बेशरमाच्या झुडपांसारखे वाढतात. आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं. तलावालगतच्या मोकळ्या मैदानावर नगरपंचायतीला लेआउट पाडायचा होता. प्लॉट पडले की गुरांचं पाणी गेलं, पोरांचं क्रिकेट गेलं, दिवाळीनंतरच्या मंडईचं, म्हणजे जत्रेचं, नाटकही गेलं. जीव तुटायचा आमचा. म्हणून समिती.

पहिल्याच मीटिंगला ठरलं, मैदानावरची अतिक्रमणं हटवायची. सगळ्यांनी हात वर केले. सकाळी पाहतो तर सर्वांत मोठा धानाच्या तणसाचा ढीग समितीचे म्होरके गोमाजीभाऊ यांचाच.

"मी जागा धरून ठेवून राह्यलो नं," ते म्हणाले. "नाईतर दुसरा कोणी बसला असता."

मग नागपूरहून पक्षी पाहणारे पाहुणे आले. दुर्बिणीतून बदक दाखवत एकानं आदरानं विचारलं, "भाऊ, याचं वैशिष्ट्य काय?"

गोमाजीभाऊंची हयात तलावात मासे धरण्यात गेलेली. त्यांनी नीट पाहिलं. "याचा रस्सा पातळ ठेवा लागते."

मी पाहुण्यांना चहाला नेलं.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, अंधार पडला की वाघ उतरतो. आम्ही बोर्ड लावला: दिवस बुडाल्यावर इथून जाऊ नये. दुसऱ्याच संध्याकाळी तिथं मोटरसायकलींची ही गर्दी.

"काऊन आले बे?" मी एका पोराला विचारलं.

"बोर्ड वाचून आलो, काका. कुठी बसते वाघ?"

शेवटी नगराध्यक्ष पाहणीला आले, तेही दिवस बुडताना. मैदानाकडे हात करून म्हणाले, "रिकामी पडीक जागा आहे. वाघबिघ सारी तुमची अफवा. लेआउट होणार."

 

समितीतल्या सिंधूबाई, रिटायर्ड मास्तरीण, पुढं झाल्या. त्यांचं घर पाळीच्या पल्याड. "अफवा हाय नं भाऊ? मंग गाडी पाठवा वापस. आपण दोघं पाळीवरून पायी जाऊ, माह्या घरी चहा घेऊ. चाला."

नगराध्यक्षांनी पाळीकडे पाहिलं. झुडपं काळी पडत चालली होती. सोबतचे लोक बुटांकडे पाहू लागले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "राहू द्या ही जागा अशीच. लेआउट दुसरीकडं पाहू." आणि गाडीत बसले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सिंधूबाईंनी एकदा पाळीकडे पाहिलं, पदर खोचला आणि गाडीमागं धावल्या.

"ओ भाऊ, थांबा नं! मले घरापावतर सोडा!"