आमदार ओढ्यात उतरवणारे इवाई

आमच्या मतदारसंघाला मागल्या निवडणुकीपर्यंत जेवढे आमदार मिळाले, त्यातला एकही माझ्या इवायांनी कोरड्या पायानं विधानसभेत जाऊ दिला नाही. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. मी चौथी शिकलो, ते तिसरीतून पळाले. पण इथल्या आमदारकीचा इतिहास कोणाला लिहायचा असेल तर त्यानं बुलढाण्याच्या कचेरीत कागद उलटत बसू नये. धामणगाव बढ्याची वाट धरून आमच्या ओढ्यावर यावं. ओढ्याच्या अलीकडं माझं गाव, पलीकडं त्यांचं.

मत मागायला येणारा कोणत्याही पक्षाचा असो, इवाई त्याला गाडीतून उतरवत, वहाणा त्याच्याच हातात देत आणि ओढा पायी ओलांडायला लावत. "आमदारकीले उभं राह्याचं ना जी? मंग आंधी इथं उभे राहा. पूल काऊन पाह्यजे, ते पायाले समजू द्या." एकानं आपल्या जागी कार्यकर्त्याला पाण्यात सोडलं, तर म्हणाले, "मंग विधानसभेतबी यालेच पाठवा." त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं पॅन्ट दुमडली. इवायांना नावं आठवत नाहीत, पाणी आठवतं. "पह्यले आमदार घोट्याइतके. धोतर धरून आले, पुलाचा शब्द देऊन गेले. दुसरे वकील, पोटऱ्याइतके. त्यायनं तीनदा शब्द देल्ला अन् तीनदा निवडून आले. त्यायच्या मांगचे गुडघ्याइतके, ते एकडावच." असा हिशोब ते चावडीवर बसून कोणालाही ऐकवत. ऐकणारा उठला तर दुसरा धरून आणत.

मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि रेष नेमकी ओढ्यातून गेली. माझं गाव जुन्यात राहिलं, त्यांचं शेजारच्या मतदारसंघात गेलं. इवाई माझ्याच अंगणात येऊन माझ्यावर भडकले. "सून आणली तवा आपल्याच मतदारसंघातली आणली होती. मले न इचारता तिले बाहेरची कोनं केली?" मी म्हटलं, मी केली नाही. तर म्हणाले, "तुमी आडवे तर पडले नाही ना."

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं. आता ओढ्याच्या अलीकडचे आमदार म्हणत, पुलाचं पलीकडचं टोक माझ्यात येत नाही; पलीकडचे म्हणत, अलीकडचं माझ्यात येत नाही. दोघंही खरं बोलत, म्हणून भांडताही येईना. एका पावसाळ्यात माझी बायको तापानं फणफणली आणि ओढा दोन्ही थड्या धरून वाहत होता. लेक तीन दिवस पलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची. मी अलीकडून ओरडून सांगायचो, आईनं आज पेज घेतली. तिला ऐकू जायचं की नाही, कोण जाणे. इवाई तिच्यामागं छत्री धरून उभे असायचे.

पुढच्या उन्हाळ्यात नातीचं बारसं निघालं. इवायांनी मांडव घातला तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात, अर्धा या मतदारसंघात, अर्धा त्या. दोन्ही आमदारांना आवतण दिलं, एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. पक्ष वेगळे, पण बारशाला नाही कोण म्हणतो? दोघंही आले. इवायांनी काठीनं वाळूत रेघ ओढली, दोघांना आपापल्या हद्दीत खुर्ची दिली आणि म्हणाले, "साहेब, जरा हातात हात द्या." चारचौघांत नाही म्हणता येईना. दोघांनी दिला. "पाह्यलं? तुमचा हात पोचते, मंग पूल काऊन पोचत नाही?"

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण पाळणा हलायच्या आत दोघांनी अर्धा अर्धा पूल कबूल केला. अलीकडचा आधी झाला. वर्षभर तो ओढ्याच्या मधोमध येऊन थांबलेला होता आणि इवाई रोज टोकापर्यंत जाऊन पलीकडच्या आमदारांच्या नावानं खाकरून येत. मग पलीकडचाही झाला. आता माझी लेक मनात आलं की चालत येते, भर पावसात येते. दोन मतदारसंघ जोडणारा पूल जिल्ह्यात दुसरा कुठं असेल तर दाखवा.

मागल्या निवडणुकीत आम्ही दोघं पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. झेंडे लावलेली गाडी आली, उमेदवारानं काचेतून हात जोडले आणि धूळ उडवत निघून गेला. मी म्हटलं, "इवाई, थांबलाबी नाही."

"काऊन थांबन जी? थांबावं असं आपुन काही ठेवलंच नाही." छाती काढून म्हणाले.

मी उठलो. लेकीनं जेवायला दोनदा हाक मारली, पण ते रस्त्याकडं तोंड करून बसूनच राहिले. दुसऱ्या पक्षाची गाडी अजून यायची होती.